हंबाई

लाँड्रीत तिला सगळे हंबाई म्हणत. नाव कुणी ठेवलं ते आता कुणाच्याच लक्षात नाही, पण ठेवणाऱ्यानं नेमकं ठेवलं होतं. काहीही विचारा, तिचं उत्तर ठरलेलं: "हं." मुकादम म्हणाला आज टॉवेल आधी घ्या, तर "हं." कुणी म्हणालं अगं, दोन पायांत दोन तऱ्हेच्या चपला घालून आलीस, तर "हं," आणि तशीच पुढे. रोलरपाशी चादरीचं दुसरं टोक धरायला तिची जोडीदारीण असे. अंगानं जाड, जिभेनं सैल, मनानं चांगली. ती म्हणायची, "हिला सांगा, बाई, तुझ्या कपड्यांनी पेट घेतलाय. हं म्हणेल आणि चादर पुढे सारेल." सगळ्या हसायच्या. हंबाईही हसायची, जरा उशिरानं.

गावातल्या दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे धुवायला येत. धुऊन पिळलेल्या ओल्या चादरींच्या ढकलगाड्या रोलरसमोर लागत. दोघींनी कोपरे शोधायचे, झटका द्यायचा, चादर ताणायची आणि त्या तापलेल्या लोखंडी रुळांच्या तोंडात द्यायची. पलीकडे ती कोरडी, कडक आणि चटका बसेल अशी बाहेर पडे. लगेच दुसरी. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. यंत्राच्या घरघरीत बोलायचं तर ओरडावं लागे, आणि वाफेनं माणसाचा चेहरा कायम नुकताच रडल्यासारखा दिसे.

ती पहिल्यापासून अशी नव्हती. नवी होती तेव्हा दिवस तिला खायला उठायचा. पिंढऱ्या दगड होत, बोटांची टोकं सोलपटत, आणि भिंतीवरच्या घड्याळाचा काटा जागचा हलत नसे. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईनं तिला एकदा जवळ घेऊन सांगितलं, "हातांना कामाला लाव आणि तू निघून जा."

"कुठे जाऊ?"

"कुठेही जा. इथे राहू नकोस, म्हणजे झालं."

आधी जमेना. मग सायकल यावी तसं एक दिवस अचानक जमलं. सुरुवातीला ती माहेरी जायची, मनातल्या मनात. लहानपणीच्या नदीवर जायची. पुढे पुढे कुठे जायचीही गरज उरली नाही. हात चालत, आणि ती नसे. संध्याकाळी भोंगा झाला की कुणीतरी हलवून जागं केल्यासारखी ती परत येई. दिवस गेलेला असे, आणि त्याचा एक ओरखडाही अंगावर नसे.

एवढं औषध हाताशी आलेलं, ते कारखान्याच्या फाटकातच ठेवून यायचं का? तिनं ते घरी आणलं. घरी सासू कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली. नवरा एका गोदामावर पहारेकरी. तो घरी यायचा तेव्हा ही निघायची, ही यायची तेव्हा तो. "आलीस?" "हं." "निघतो." "हं." दोन खोल्यांत सासूचं करायचं, पोरीचं करायचं, रांधायचं, धुवायचं. सगळं हातांनी शिकून घेतलं. सासू गेली तेव्हाही तिनं सगळं यथासांग केलं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या खाटेपाशी पाण्याचं भांडं नेऊन ठेवलं.

कधी कधी त्याची गंमतही व्हायची. भावाकडे गेली असताना तिनं बोलता बोलता पलंगावरची चादर कोपऱ्याला कोपरा लावून घडी केली, आणि चादरीवर झोपलेला भाचा गडगडत भिंतीला जाऊन लागला. सुट्टीच्या दिवशी लाँड्रीच्या बंद फाटकासमोर तर ती अनेकदा उभी सापडली होती. घरात हे किस्से सांगून सांगून गुळगुळीत झाले होते.

मुलगी सोळा-सतराची. एकुलती एक. लहानपणापासून तिला जाड भिंगांचा चष्मा, म्हणून बाप तिला लाडानं ढापणी म्हणायचा. पोरगी शांत होती, अभ्यासात बरी, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली. आईला कामात मदत करायची आणि आपल्याआपण गुणगुणायची. हंबाईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, आमच्या पोरीचा काही म्हणजे काही त्रास नाही.

एका सकाळी पोरीनं डाव्या हाताला ठेवलेला पेला घ्यायला हात पुढे केला आणि पेला कलंडला. हंबाईनं फडकं घेतलं, पुसलं, म्हणाली, "सावकाश." दोन दिवसांनी पोरगी दाराच्या चौकटीला खांदा आपटून घेत आत आली. त्याच आठवड्यात शाळेतून येताना रस्ता ओलांडताना डावीकडून सायकलवाला आला, तो तिला दिसलाच नाही. ती पडली. गुडघे फुटले, चष्म्याची काडी मोडली. सायकलवाला भला माणूस, तो तिला घरी घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "बाई, रागावू नका, पण मी घंटी वाजवली होती. तुमच्या मुलीला त्या डोळ्यानं दिसतंय ना?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून हंबाई पोरीला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, दमलेल्या होत्या, पण हात हलका होता. त्यांनी डोळ्यांत थेंब घातले, अंधार केला, कपाळावर दिवा लावून बराच वेळ पाहिलं. मग खोलीतला दिवा लावून खुर्ची मागे सरकवली.

"डाव्या डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय. जवळजवळ सगळा. नंबर मोठा असला की हे होऊ शकतं. आधी ठिणग्या दिसल्या असतील, काळे ठिपके, मग एका बाजूनं अंधार सरकत आला असेल. कधीपासून होतंय हे?"

"तसं काहीच नव्हतं हो," हंबाई म्हणाली. "काही असतं तर ही बोलली असती. आम्हाला कालच कळलं."

पोरगी खाली बघत होती. मोडक्या काडीला दोरा बांधलेला चष्मा तिच्या मांडीवर होता.

"तू सांग," डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या.

"महिना झाला असेल. आधी ठिणग्या दिसायच्या."

"महिना! आणि घरी सांगितलं नाहीस?"

पोरगी इतकी हळू बोलली की पुढे वाकून ऐकावं लागलं. "सांगितलं होतं. आईला. दोन-तीनदा."

"काय बोलतेस?" हंबाईचा आवाज चढला. "मला? कधी?"

"तू हं म्हणालीस," पोरगी म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "तू हं म्हणालीस म्हणून मला वाटलं, काही नसेल."

डॉक्टरीणबाईंनी हंबाईकडे पाहिलं आणि लगेच नजर कागदावर वळवली.

ऑपरेशन तातडीनं झालं. डोळ्याच्या आत औषधी हवा भरली होती. तिच्या दाबानं पडदा जागेवर बसावा म्हणून पोरीनं कितीतरी दिवस पालथंच पडून राहायचं होतं, तोंड जमिनीकडे. खाटेच्या डोक्याकडची गादी थोडी पायांकडे ओढून तिथल्या उघड्या लोखंडी गजांवर कपाळ टेकायला उशांची चौकट केली होती. वरून बघणाऱ्याला फक्त तिचे केस आणि मान दिसे. हंबाई पहिला दिवसभर स्टुलावर बसून त्या मानेकडे बघत राहिली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती उठली, फरशीवर उताणी झोपली आणि सरकत सरकत खाटेखाली गेली. आता पोरीचा चेहरा बरोबर तिच्या वर होता. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा सुजलेला, नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब.

"आई, काय करतेस? लोक बघतायत."

"बघू देत. मला सांग. तू मला सांगितलंस तेव्हा मी काय करत होते?"

"जाऊ दे ना आता."

"नाही. सांग."

पोरीनं डोळा मिटला. "पहिल्यांदा तू माझी वेणी घालत होतीस. मी म्हणाले, आई, डोळ्यासमोर काजवे चमकतात. तू म्हणालीस, हं, मान सरळ ठेव."

पोरीनं कपाळ उशीवर नीट टेकवलं.

"मग एकदा तू कणीक मळत होतीस. मी म्हणाले, डावीकडून काळं काळं दिसतं. तू म्हणालीस, हं, झाकण दे ते. मी दिलं. आणि मग... मग एकदा रात्री जेवताना. तेव्हा तू माझ्याकडे बघत होतीस. म्हणून मला वाटलं, तू ऐकलंस."

हंबाईनं खाटेखाली पडल्या पडल्या आठवायचा प्रयत्न केला. वेणी. कणीक. झाकण. विहिरीत दोर सोडावा आणि बादली कोरडीच वर यावी, तसं होत होतं. पोरीचे केस तिच्या हातांना ठाऊक होते. ते कसे घसरतात, कुठे गुंततात, सगळं. पण ती सकाळ कुठेच नव्हती. मग तिनं दुसरं काही शोधून पाहिलं. पोरगी पहिल्यांदा शाळेत गेली तो दिवस. नाही. तिचा पहिला दात पडला तो. नाही. सासू शेवटी काय बोलली होती? काहीतरी बोलली होती, हंबाईचा हात धरून बोलली होती. हंबाईनं त्यावर काय म्हटलं असेल, ते मात्र तिला न आठवताही कळलं.

पोरीच्या नाकावरचा थेंब तिच्या गालावर पडला. तिनं तो पुसला नाही.

संध्याकाळी नवरा आला. पहारेकऱ्याचा गणवेश अंगावरच होता. दवाखान्याच्या जिन्यात त्यानं तिला गाठलं. "तू आई आहेस की कोण आहेस? पोर ओरडून सांगतेय आणि तुझ्या कानांत बोळे?"

तिला वाटलं, अजून बोलावं यानं. बोलतच राहावं. पण तोच मध्ये थांबला. जिन्याच्या कठड्यावर हात टेकून खाली बसला.

"मलाही म्हणाली होती ती," तो म्हणाला. "मी झोपेत होतो. मी म्हटलं, आईला सांग."

दोघं जिन्यात बसून राहिली. माणसं त्यांना ओलांडून वर-खाली जात होती. किती वर्षांनी ती दोघं एका जागी, एकाच वेळी जागी बसली होती. एकमेकांना सांगण्यासारखं त्यांच्याजवळ काहीच नव्हतं.

पट्टी निघाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्या डोळ्यासमोर बोटं नाचवली. "किती?" पोरीला बोटं मोजता येईनात. काहीतरी हलतंय एवढं कळत होतं, आणि खिडकी कुठे आहे ते. "यापुढे फार सुधारेल असं मी म्हणणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उजव्या डोळ्यातही पडदा दोन जागी पातळ होता, तिथे आम्ही लेझर केलंय. तो सांभाळायचा. ठिणगी दिसली, ठिपका दिसला, की त्याच दिवशी यायचं. दुसऱ्या दिवशी नाही. कळलं?"

"हं," म्हणायला हंबाईचं तोंड उघडलं होतं. तिनं ते हातानं दाबलं. "कळलं," म्हणाली.

त्या दिवसापासून तिनं चंग बांधला, की आता एक क्षणही हातचा जाऊ द्यायचा नाही. बोलायला सोपं होतं. चहा ओतताना ती स्वतःला सांगे, मी चहा ओततेय. पायरी उतरताना सांगे, मी पायरी उतरतेय. आणि पायरीवर धडपडे, कारण पाय विचार करायला लागले की पाय राहत नाहीत. पोरीच्या प्रत्येक आवाजाला ती धावत जाई. "काय म्हणालीस? काय?"

"काही नाही, आई. शिंकले."

"पण नक्की ना? ठिणगी वगैरे?"

"आई!" पोरगी वही आपटायची. "दर पाच मिनिटांनी विचारशील तर मला नसलेली ठिणगी दिसेल."

लाँड्रीत तर हाल कुत्रा खाईना. ती रोलरपाशी उभी राहिली, कोपरे धरले, आणि आपल्या हातांकडे पाहिलं. हे कुणाचे हात? नखांच्या कडा पांढऱ्या पडलेले, मनगटावर जुन्या चटक्यांचे डाग. तेवढ्यात चादर तिरकी गेली, सुरकुतली, रोलरमध्ये गोळा झाली. यंत्र थांबवावं लागलं. दुसरी दिली, तीही तशीच. तिसऱ्या वेळी बोटं रुळाला लागली आणि ती किंचाळली.

जोडीदारीण टोक टाकून धावत आली. तिचा हात थंड पाण्यात धरून म्हणाली, "अगं, हातांकडे बघू नकोस. बघितलंस की संपलं. इतकी वर्षं काय शिकलीस मग?"

"तेच शिकले," हंबाई म्हणाली. "तेच तर शिकले ना."

पण हातांपेक्षा वाईट वेगळंच होतं. तिला डाग दिसायला लागले. धुऊनही न गेलेले, फिकट, तपकिरी, चादरींच्या मधोमध. इतकी वर्षं ते तिच्या डोळ्यांसमोरून जात होते आणि तिनं एकही पाहिला नव्हता. आता प्रत्येक डागाखाली तिला माणूस दिसे. हे कुणाचं रक्त? ही बाई वाचली का? या लहान चादरीवर कोण झोपलं होतं? ती चादर हातात धरून उभीच राही आणि पलीकडची ओरडे, "सोड, बाई, सोड!" एके दिवशी तिला ती सोडवेना. लहान मुलाची चादर होती. ती छातीशी घेऊन हंबाई खाली बसली आणि घरघरत्या यंत्रासमोर हंबरडा फोडून रडली. यंत्राचा आवाज इतका होता की पलीकडे घड्या घालणाऱ्या बायकांना बराच वेळ काही कळलंसुद्धा नाही.

मुकादम काही वाईट माणूस नव्हता. त्यानं तिला काढलं नाही, मळके कपडे निवडायच्या खोलीत टाकलं. तिथे नाक दाबून काम करावं लागे, पण यंत्र नव्हतं, जोडीदार नव्हता, घाई नव्हती. सुया, चमचे, खेळणी, काय काय चादरींत गुंडाळून आलेलं असे. ते बघूनच काढावं लागे. तिथे बघितल्याशिवाय काम होत नसे. रोलरवरच्या शेवटच्या संध्याकाळी जोडीदारीण तिला फाटकापर्यंत सोडायला आली. नेहमीची बडबड नव्हती. "एक सांगू?" ती म्हणाली. "माझा मुलगा परदेशी जायला निघाला, त्या दिवशी त्यानं कुठल्या रंगाचा शर्ट घातला होता, मला आठवत नाही. मी एवढी बोलते ना, ती त्यासाठीच बोलते. गप्प बसले की मी पण जाते." आणि डोळे पुसत आत निघून गेली.

घरात पोरगी बदलली होती. ती आता डावीकडे काही ठेवत नसे, भिंतीला हात लावून चाले, आणि कमी बोलायला लागली होती. काही सांगायचं असलं तर शेजारच्या काकूंकडे जाऊन सांगे. हंबाईला ते कळलं तेव्हा ती काकूंवर चिडली नाही. संध्याकाळी दोन्ही घरांमधल्या भिंतीपाशी उभी राहून पलीकडे पोरीचं हसणं ऐकत राहिली. आता कान होते, पण सांगणारी पलीकडे गेली होती. बापानं ढापणी म्हणणं सोडून दिलं. दुसरं नाव काही त्याला सुचलं नव्हतं, म्हणून तो तिला हाकच मारत नसे. जवळ जाऊन उभा राही.

पुढे तपासणीची तारीख आली. पोरगी म्हणाली, "मी एकटी जाईन."

"मी येते. बोलणार नाही काही."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी उजवा डोळा नीट पाहिला. पडदा जागेवर होता. "ठिणग्या?" "नाहीत." "डोकं दुखतं?" "नाही." मग त्यांनी हंबाईला विचारलं, "तुमच्या काही लक्षात आलंय?"

हंबाई चाचरली. "ही रात्री झोपते तेव्हा उजवा डोळा मुठीनं चोळते. झोपेतच. बराच वेळ. चोळणं चांगलं का?"

"अजिबात चांगलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि झोपताना डोळ्यावर लावायला एक प्लास्टिकची वाटी लिहून दिली.

पोरगी आईकडे बघत होती. चांगला डोळा आईकडे यावा म्हणून तिला सगळं डोकं वळवावं लागे. "तू मी झोपलेली असताना बघत बसतेस?"

"हो."

"सारखी?"

"मला दुसरं काही येत नाही आता," हंबाई म्हणाली.

बाहेर आल्यावर पोरीला शिकवणीला जायचं होतं, हिला कामावर. रस्त्यात गर्दी होती. वाटीची पिशवी हंबाईनं पोरीच्या दप्तरात घातली, चेन लावली. त्यानंतर एकदम तिच्यासमोर लाँड्रीचं फाटक उभं होतं.

ती जागच्या जागी थिजली. दवाखान्याच्या दारापासून फाटकापर्यंतचा रस्ता कुठेच नव्हता. बस लागते तिथे यायला. ती बसमध्ये चढली असेल, उतरली असेल, कदाचित कुणाशी बोललीही असेल. दप्तराची चेन, आणि मग हे फाटक. मधलं सगळं कुणीतरी कापून नेलं होतं. पोरगी निघताना काही बोलली का? बोललीच असेल. काय बोलली? आज, आजच्या दिवशीसुद्धा! आतून भोंगा ऐकू आला. फाटकावरचा रखवालदार म्हणाला, "चला, ताई, उशीर होतोय." ती हलली नाही. तिनं फोन काढला.

बऱ्याच वेळानं पोरीनं उचलला. मागे वर्गाचा गलका. "काय झालं, आई?"

"मघाशी निघताना तू काय म्हणालीस?"

"कधी?"

"निघताना. दवाखान्याबाहेर. तू काय म्हणालीस मला?"

"काही नाही. जाते म्हणाले."

"नक्की? दुसरं काही नाही? डोळ्याचं काही?"

"नाही गं."

हंबाईनं फाटकाचे गज धरले. "आणि मी? मी काय म्हणाले?"

पलीकडे पोरगी म्हणाली, "तू म्हणालीस, कडेकडेनं जा. आणि माझी कॉलर सरळ केलीस."

"मी?"

"हो. का?"

"काही नाही," हंबाई म्हणाली. फोन ठेवला. रखवालदारानं फाटकाचा छोटा दरवाजा अजून तिच्यासाठी धरून ठेवला होता. ती वाकून आत शिरली आणि मळक्या कपड्यांच्या खोलीकडे चालायला लागली. वाटेत ती आपल्या दोन्ही हातांकडे बघत होती. त्यांच्यावर रागवावं की त्यांचे उपकार मानावेत, तिला कळत नव्हतं. कॉलरचा स्पर्श तिनं बोटांत पुन्हा पुन्हा शोधला. तो सापडला नाही.